उजळ फोटोंचा स्टुडिओ

परमेश गाउंडरने कॉम्प्युटरच्या डब्याचा बाजूचा पत्रा काढला आणि आत जोरात फुंकर मारली. काजळीचा लोट उठला तो थेट त्याच्याच तोंडावर. गाळप हंगामात फिजीतल्या लंबासाच्या साखर कारखान्याची काजळी कुठेही शिरते, वाळत घातलेल्या कपड्यांत, झाकण सरकलेल्या वरणात. या डब्यात ती वर्षानुवर्षं साचत आली होती.

"फुंकू नका मामा, ब्रशने काढा," टेबलावर टेकवलेल्या फोनमधून सुदेश म्हणाला. बहिणीचा हा मुलगा ब्रिस्बेनला एका कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायचा.

परमेशने ओठांवरची काजळी पुसली. फोटो स्टुडिओ त्याचा, पण या डब्याच्या पोटात काय असतं हे त्याला कधी कळलं नव्हतं. लग्नाचा एक फोटो उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, तेव्हा त्याने चार लोकांना विचारलं आणि तिथेच चुकलं. बाजारातला दुकानदार म्हणाला, ग्राफिक्स कार्ड टाका. त्याचा मित्र अपिसाई, शाळेतला मास्तर, नंगोना पिऊन वाटी खाली ठेवत म्हणाला, "भंगारात दे आणि नवा घे." नवा घेण्याइतकी ऐपत असती तर विचारलंच कशाला असतं? सुदेश म्हणत होता, मेमरी वाढवा, डिस्क बदला, बाकी कशाला हात लावू नका. प्रत्येकाचं ऐकताना परमेशला तोच बरोबर वाटे.

शेवटी सुदेशचं ऐकायचं ठरलं. मेमरीची पट्टी बसवून त्याने बटण दाबलं. डबा तीनदा टूं टूं करून गप्प झाला.

"गेला," परमेश म्हणाला.

"गेला नाही. पट्टी नीट बसली नाहीये. दाबा. टक असा आवाज येईपर्यंत."

"मोडेल रे."

"मामा, दाबा."

टक झालं. दुपारपर्यंत नवी डिस्कही बसली, आणि नवरीचा फोटो बोट उचलायच्या आत समोर उभा राहिला. परमेशने तो बंद केला, परत उघडला, परत बंद केला. मग कौतुकाने फोन उचलून कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर धरला.

सुदेश फोनमधून निरखून बघू लागला. "मामा, हाच फोटो मला पाठवा."

परमेशने पाठवला.

"तुमच्या पडद्यावर ही गव्हाळ आहे. माझ्याकडे पांढरीफटक. चुना फासल्यासारखी. मामा, तो पडदा किती जुना आहे?"

"तुझ्या अंबिकामामीच्या भावाने दिलेला. चांगला आहे की."

"पिवळा पडलाय. अंधारलाय. पुढचे पैसे पडद्यात घाला."

शहरातली एक विमा कचेरी बंद होऊन सामान विकत होती. तिथून परमेशने एक पडदा आणला, फारसा न वापरलेला. तो जोडून जुनी लग्नं उघडली आणि तो चक्रावला. सगळ्या नवऱ्या आजारातून उठल्यासारख्या, नवरे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. त्याला वाटलं, पडदा खराब लागला. केबल काढून परत लावली. मग पूर्वी छापलेला एक फोटो घेऊन तो दारात गेला आणि उन्हात धरून बघत राहिला. कागदावरही तेच रंग होते. छपाई फिकी येते म्हणून तो सतत शाईला शिव्या देत आला होता. पिवळ्या, अंधाऱ्या पडद्यावर त्याला प्रत्येक चेहरा काळपट दिसे, म्हणून तो उजळवत जाई. शाईचा काहीच दोष नव्हता.

आणि गंमत अशी की त्याचं नाव त्यामुळेच झालं होतं. परमेशकडे फोटो काढला की माणूस उजळ दिसतो, असं लोक म्हणत. मुलीचं स्थळ ऑकलंडला पाठवायचं असलं की आया मुद्दाम त्याच्याकडे येत.

पुढच्याच आठवड्यात सुभागवतीबाई धाकट्या मुलीचे फोटो घ्यायला आल्या. त्यांनी सगळे नजरेखालून घातले आणि ओठ मुडपले.

"मोठीचे किती छान आले होते. हिचे असे का? मशीन बिघडलंय का भैया?"

"नवीन आहे बाई. आता रंग बरोबर येतो."

"बरोबर म्हणजे?" त्यांनी फोटो परत सरकवला. "आम्हाला मोठीसारखे द्या."

परमेशने निमूटपणे ते पुन्हा केले, उजळवून. आधी जे नकळत होई ते आता समजून-उमजून करायचं होतं, आणि यात आपण नेमकं कोणाला फसवतोय हे त्याला कळत नव्हतं.

शनिवारी मेरेओनी आली. बाजारात दालो आणि कसावाचे कंद विकणारी ही बाई शेजारच्याच वस्तीत राहायची. तिचा नवरा एमोसी उसाच्या ट्रकवर होता, तो गेला त्याला वर्ष होत आलं होतं. त्यांच्यातलं वर्षभराचं सुतक सोडायच्या विधीसाठी तिला फोटो हवा होता.

"मयताच्या वेळी मोठा करून दिला होता की," परमेश म्हणाला. "तो कुठाय?"

"पेटीत."

"भिंतीवर नाही लावला?"

मेरेओनीने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "चर्चमध्ये ठेवला तेव्हा सासूने मला विचारलं, हा कोण म्हणून. तिला दिसत नाही नीट, म्हटलं जाऊ दे." मग घाईने म्हणाली, "तू रात्रभर बसून केला होतास. पैसेही घेतले नव्हतेस. कसं सांगायचं तुला?"

परमेश कॉम्प्युटरकडे वळला. त्याने मूळ फोटो शोधला आणि काहीही न उजळवता छापून तिच्या हातात दिला. मेरेओनीने कागद दोन्ही हातांत धरला. बराच वेळ ती एमोसीच्या जबड्याकडे बघत होती.

"ऊन लागलेलं दिसतंय त्याला," ती म्हणाली, आणि कागद पिशवीत न ठेवता छातीशी धरूनच बाहेर पडली.

संध्याकाळी दुकान आवरायच्या सुमारास परमेशने काउंटरमागच्या भिंतीवरचा अंबिकाचा फोटो उतरवला. लोकांना नमुना म्हणून तो तिथे टांगलेला असे. मूळ फाइल सापडली, फ्लॅशच्या झगझगीत उजेडात काढलेली. नवी प्रत छापून त्याने बायकोसमोर ठेवली. अंबिका पासपोर्टचे फोटो कातरत बसली होती.

"हे काय?"

"तुझाच. इतकी वर्षं पडदा खराब होता. मला कळलंच नाही."

अंबिकाने कात्री खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही केलं नव्हतं?"

"काय?"

"मला उजळ."

"केलं, पण मुद्दाम नाही. मला तू तिथे काळवंडल्यासारखी दिसायचीस, म्हणून मी आपला..."

"मला वाटायचं, तुम्हाला मी तशी हवी होते," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "लग्नात तुमच्या आईने हिला हळद जरा जास्तच लावा म्हटलं, तेव्हा तुम्ही हसला होतात."

परमेशला हसलेलं आठवेना. आठवत नाही म्हणून घडलं नाही असंही म्हणवेना. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? येणारा प्रत्येक जण छान आहे म्हणायचा."

ती फोटो घेऊन दारापाशी गेली. कारखान्याच्या बाजूला अजून उजेड होता. उसाच्या ट्रकची रांग हळूहळू पुढे सरकत होती. परमेश आत उभा राहिला. सुटका झाल्यासारखं वाटावं की लाज वाटावी, याचा त्याला उलगडा होत नव्हता. अंबिका एकदा फोटोकडे, एकदा आपल्या मनगटाकडे बघत होती.

आत येऊन तिने फोटो टेबलावर ठेवला.

"मी याहून सावळी आहे," ती म्हणाली.

परमेशने खुर्ची ओढली. दुसरी तिच्यासाठी शेजारी ठेवली, दिवा तिच्या चेहऱ्याकडे वळवला आणि पडद्यावर फोटो उघडला. पण पडद्याकडे बघायच्या आधी तो तिच्याकडेच बघत राहिला.

"तू सांग," तो म्हणाला, "कुठे थांबू."

त्याने माउस हळूच सरकवला, फोटोतला रंग गडद झाला.

"अजून," अंबिका म्हणाली. "अजून थोडा."