रिकामं बांधून वावरायचं

खण्ण! बेसिनात कलता ठेवलेला चमचा आपोआप घसरला. घर इतकं गप्प होतं, की तेवढ्यानेही ती दचकली. भानावर आली तेव्हा ती हातात उलथनं धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका चमच्यावर चाल करून निघालेली! हसू आलं, पण ते सांगायला घरात होतं कोण? लेक शेजारच्या काकूंकडे, नवरा भर समुद्रात तेलाच्या विहिरीवर. त्याचा फोन लागला तरी निम्मं बोलणं वारा खाऊन टाकायचा.

उजाडायच्या आत दारोदार जाऊन उपाशीपोटीचे रक्ताचे नमुने गोळा करायचे, हे तिचं काम. काही महिन्यांपूर्वी एका अंधाऱ्या जिन्यात एक माणूस वाट अडवून उभा राहिला. वरचं दार उघडलं म्हणून सरकला. परवा तोच पुन्हा दिसला, या वेळी तिच्याच घराच्या कोपऱ्यावर.

जिन्यातल्या त्या प्रसंगानंतर अर्ज केलेला बंदुकीचा परवाना आता हातात आला होता. थोरल्या बहिणीला फोनवर सांगितलं, तर ती खो खो हसली. "अगं, झुरळ दिसलं की कॉटवर चढणारी तू! गोळी कुणाला घालणार, झुरळाला?" मग हळूच म्हणाली, "जपून गं बाई."

त्याच दुपारी ती बंदुकांच्या दुकानात गेली. दुकानदार म्हातारा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्याने मखमलीवरून एक आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर उचललं, गोळ्यांचं चक्र बाहेर काढून पाचही घरं रिकामी असल्याचं दाखवलं आणि मगच तिच्या हातात दिलं.

"अय्या, किती हलकं!"

"हलक्यावर भुलू नका, ताई. जितकं हलकं, तितका हाताला हिसका जास्त. ठेवणार कुठे?"

"पर्समध्ये."

"पर्समध्ये दुसऱ्या कुणाचा हात जातो?"

तिच्या पर्समध्ये दिवसभर लेकीचा, बटाणीचाच हात असायचा. बिस्किटं, रुमाल, तुटका खडू... सगळा संसार तिथेच.

"चार वर्षांची आहे," ती पुटपुटली.

"मग आधी कुलपाची पेटी घ्या. आणि हे कमरेला, उजवीकडे." त्याने कातडी म्यान पट्ट्यात ओवून दाखवलं. "आठवडाभर रिकामंच बांधून घरात वावरायचं. वाका, बसा, केर काढा. अंगाला सवय झाली की या, मग गोळ्या देतो. माझ्याकडची रीतच आहे ती."

घरी येऊन तिने सैल कुडत्याखाली ते बांधलं. केर काढला, कपडे वाळत घातले. वाकलं की मूठ बरगडीला टोचायची. पण आरशात काही म्हणता काही दिसत नव्हतं. कितीतरी दिवसांनी तिने खिडकी सताड उघडली.

तेवढ्यात काकूंनी बटाणीला दारात आणून सोडलं. "घे बाई तुझी तोफ. दुपारभर डोळा लागू दिला नाही मेलीने!"

बटाणी दोन्ही हात वर करून धावत आली. नमुन्यांची पेटी कायम डाव्या खांद्याला, त्यामुळे लेक तान्ही असल्यापासून उजव्याच कडेवर. हे आजवर तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. लेकीचा पाय म्यानाला लागणार, तोच तिने अंग चोरलं आणि तिला डाव्या कडेवर घेतलं. तिथे तिचं बूडच टेकेना. सारखी घसरायची.

"इथे नको. तिकडे."

"आज इकडेच गं, राणी."

"तिकडे दुखतंय? फुंकर घालू?"

"नको, नको. हात नको लावूस!"

आवाज जरा जास्तच चढला. बटाणीने हात मागे घेतला. आईच्या खांद्यावरून वाकून तिने कुडत्याचा तो किंचित फुगवटा बराच वेळ न्याहाळला आणि कानाशी तोंड नेऊन विचारलं,

"आई, तिकडे कोण बसलंय?"