बायडी कोणत्या अलंकारात?

हातातल्या या कांद्याची शप्पथ — आन् एक कांदा पुरत नसंल तर पुढ्यातल्या अख्ख्या ढिगाची — आता सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा! जानकाबाई खोटं बोलंल, पण कांदा काटताना न्हाई. हातात विळा असतो.

तर हा कांदा. लालबुंद, शेंड्याला वाळकी पात. ती छाटायची, कांदा पाटीत टाकायचा, दुसरा घ्यायचा... सकाळपासनं तेच चाललंय, आन् दर कांद्याला डोक्यात तेच — काल माझी नात काय बोलली ते.

स्नेहा दहावीला. ओट्यावर बसून अलंकार पाठ करत व्हती. "आज्जे, उदाहरणं दे गं. बाईंनी पुस्तकाबाहेरची आणायला सांगितल्यात." मला काय! आमच्यात काटणीला बाया ओळीनं बसत्यात आन् गोष्टी सांगणारीला मधी बसवत्यात, दोन्ही टोकांना ऐकू जावं म्हणून. माझी जागा कधी हालली न्हाई. म्हणलं, लिही — लाईट रुसून बसली. "चेतनगुणोक्ती!" तुझ्या बापाचं डोकं नारळावानी. "उपमा!" तुझा आजा घोरायचा तवा कळंबच्या पुलावर गाड्या थांबायच्या. "अतिशयोक्ती! आज्जे, तू तर चालतंबोलतं गाईड हाईस." लई गुदगुल्या झाल्या. ज्याला जन्मभर लोक थापा म्हणले त्याला पुस्तकात एवढं भारी नाव, वर मार्क! चेकाळलेच मी. मग बायडीचं सांगितलं — माझी थोरली, स्नेहाची आत्या, एवढीशी पोर, उसातनं बिबट्याचं पिल्लू मांजर समजून फ्रॉकच्या ओच्यात घेऊन आली आन् त्याला बशीतनं दूध पाजत बसली...

"ही पण अतिशयोक्ती," स्नेहानं लिहिलं. मग पेन थांबलं. "आज्जे... आत्या खरंच व्हती का? का ती पण तुझा अलंकारच?"

हसत विचारलं तिनं. मीबी हसले.

ते हसू आता कुठं गेलं... बोट छाटता छाटता ऱ्हायलं. शेजारची साळुबाई ओरडली, "जानके, ध्यान कुठंय? आन् आज मुकी का गं? टीव्ही बंद पडल्यावानी वाटतंय!" उपमा, मी मनात म्हणलं. हे एक नवंच मागं लागलं.

बायडीचा फोटो न्हाई. स्नेहाचा बाप जन्मायच्या आधीच तापानं गेली, तवा कोण काढत व्हतं फोटो. तिला ओळखणारं एकेक माणूस गेलं — ऱ्हायली ती फक्त माझ्या तोंडात, आन् तोंड हे असं! दर काटणीला मी तिला थोडी थोडी वाढवत नेली, एकदा चिंचेच्या शेंड्यावर चढवली, एकदा घोड नदी पोहायला लावली — का, तर बायांनी विळा थांबवून ऐकावं, पोर अजून थोडा वेळ हितं ऱ्हावी... आता आत शोधायला गेले तर खरी बायडी सापडंना. केस कुरळे व्हते? का मीच कुरळे केले? उठले, पाणी पिले, बसले. परत उठले.

"मुंग्या चावत्यात का काय?" साळुबाई.

दिवस कलला तशी घरी आले, हातपाय न धुताच स्नेहापुढं बसले. बिबट्या नको, नदी नको. साधं बोलायचं. "तुझी आत्या... तिला कांद्याचा वास सोसायचा न्हाई. मी काटणीवरनं आले की नाक दाबायची. आन् तरी मांडीवरच येऊन बसायची."

 स्नेहानं माझा हात नाकाशी नेला. डोळं भरलं तिचं. हळूच म्हणली, "व्हती गं आत्या." आन् वहीतली बिबट्याची ओळ तिनं खोडली.

खोडू नको म्हणायला तोंड उघडलं... आन् मिटलं.

हात अजून धुतला न्हाई मी. डोळं मिटलं की बायडी दिसती — नाक दाबून, लख्ख. आन् त्याच कांद्याची शप्पथ सांगते, पिल्लू, बशी, दूध, सगळं घडलं व्हतं. नाक दाबणं तेवढं मी येता येता बांधावर जुळवलं.