लोटन आबांचं नाव

आमच्या पिंपळनेरच्या सामुदायिक रेडिओवर गदा आली ती बेबाबाईच्या शिव्यांमुळे. शिव्या म्हणजे लग्नातल्या हो! आमच्याकडे मुलीकडच्या बायका व्याह्यांना गाण्यातून यथेच्छ झोडपतात आणि व्याही मिशीला पीळ देत ऐकतात. बेबाबाईनं नातीच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या काका-मामांना एकेक करून सोललं, ते आम्ही रेडिओवर लावलं. मी शाळेतून निवृत्त झाले तरी घंटेची सवय सुटलेली नाही. कार्यक्रमाचा अर्धा तास भरला आणि मी बटण बंद केलं.

महिन्याभरानं दिल्लीहून पत्र आलं. मुलाचे वडील लोटन पाटील यांनी जाहीर अपमानाची तक्रार केली आहे, भाषा अश्लील आहे, सबब प्रसारणाची परवानगी रद्द. आम्हाला एका शब्दानं विचारलं नाही. मला असा संताप आला की ते पत्र मी दोनदा जमिनीवर आपटलं.

बेबाबाई मात्र तोंडाला पदर लावून बसली. शेवटी म्हणाली, "सरकारनी मनं तोंड घाण ठरावं, अक्का. आते नातना लगीनमा बी गानं म्हनाव नही."

सत्तरीची ही बाई गावातल्या प्रत्येक मांडवात गायलेली, आणि स्वतःच्या नातीच्या लग्नात मुकी बसणार? लग्नाला तीन आठवडे होते. मी धुळ्याला जिनल वकिलांकडे गेले. आमच्या गावातल्या सुगनचंद शेटजींची ही नात, वयानं लहान पण जिभेनं तिखट.

"सरकारनं दिलेला परवाना सरकारनं काढला. त्यात कोर्ट काय करणार?" मी विचारलं.

"परवाना द्यायचा की नाही हे सरकार ठरवतं, अक्का. पण मनमानी केली का, ते कोर्ट बघतं."

तिनं याचिका दाखल केली. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर सरकारी वकिलांनीही माझाच प्रश्न मोठ्या आवाजात मांडला. प्रसारणाचा निर्णय तज्ज्ञ अधिकाऱ्यांचा, न्यायालयानं त्यात पडू नये. न्यायमूर्ती म्हणाल्या, "आम्ही पडत नाही. पण डोळे मिटून बसा असंही कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. तक्रारदार कुठे आहेत?"

नोटीस मिळाल्यामुळे लोटन आबा नवं धोतर नेसून आले होते. ते तरातरा उठले.

"साहेब, बठ्ठास्ना नाव लिधात! काकाना, मामाना, फुवाना बी! पोऱ्याना बाप मी, अन मनंच नाव नही! मी काय याही नही शे का? गावमा तोंड दखाडाले जागा नही राहिनी!"

जिनलनं मराठीत समजावून सांगितलं तेव्हा कोर्टात हशा पिकला. शिव्या दिल्या म्हणून नव्हे, दिल्या नाहीत म्हणून आबांचा अपमान झाला होता! आणि चूक कुणाची ते माझ्या लक्षात आलं. आबांचं कडवं शेवटचं होतं. ते माझ्या बटणानं खाल्लं होतं.

न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारलं, "अधिकाऱ्यांनी यांना फोन तरी केला होता?"

"नाही."

"रेडिओवाल्यांना?"

"त्यांनाही नाही," वकिलांनी कबूल केलं. आदेश तिथेच रद्द झाला. अधिकार कितीही मोठा असो, दुसऱ्याचं ऐकून घेतल्याशिवाय तो वापरता येत नाही, असं न्यायमूर्तींनी सांगितलं. मी आबांची माफी मागितली. "माफी नको," ते म्हणाले, "कडवं पायजे."

हळदीच्या दिवशी आम्ही मांडवातूनच थेट प्रसारण लावलं. बेबाबाईनं पदर खोचला, आबांकडे बोट केलं आणि आवाज लावला:

"लोटन याही वना, पाटवर बसना,
बारा पुऱ्या खाईसन तेरावीले रुसना,
नाव नही लिधं म्हनीसन दिल्लीलगून रडना!"

नाव घेतलं नाही म्हणून थेट दिल्लीपर्यंत रडलेला व्याही! मांडव हसून लोळला. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मांडी थोपटत ओरडत होते, "आजून म्हना, याहीन, आजून!" बेबाबाईला तर तेवढंच हवं होतं. तिनं गाण्यातून आबांच्या टोपीला धरलं, मग मिशीला, मग कोर्टातल्या नव्या धोतराला.

अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून बसले.