विणाई खात्यातलं बोलणं

मी इतिहास शिकवते. आमच्या पुस्तकात कामगारांचा इतिहास दीड पानात आटोपलाय. संप झाला, कायदा आला, खालील प्रश्न सोडवा. दरवर्षी माझं डोकं फिरतं. म्हणून यंदा नववीला सांगितलं, जुन्या कामगारांना भेटा, त्यांना बोलतं करा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा. मुलाखत कशी घ्यायची यावर पाऊण तास भाषणही ठोकलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! माझी स्वतःची आई चोवीस वर्षं कापड गिरणीत माग चालवत होती आणि मी तिला त्याबद्दल कधी एक प्रश्न विचारला नव्हता. आता विचारायला ती नाही. आठ महिने झाले.

मुलांची रेकॉर्डिंगं आली. मागच्या बाकावरच्या एका मुलीचं ऐकून मी कपाळावर हात मारला. तिनं स्वतःच्याच इमारतीतल्या एका आजींची मुलाखत घेतली होती. आजी लहानपण सांगतात, लग्न सांगतात, खोकतात. "मग मी विणाई खात्यात पाय टाकला," म्हणतात आणि पुढे चार मिनिटं शुकशुकाट. मध्येच त्या मुलीचं "हो का?" आणि पुन्हा काही नाही.

"हे काय? माइकवर बोट ठेवून बसली होतीस?"

"नाही बाई. आजी बोलत होत्या. नुसतं तोंडानं."

"तोंडानंच बोलतात सगळे."

"तसं नाही. आवाज न काढता. रेकॉर्डिंग बंद केल्यावर मी म्हटलं, आजी, आवाज आलाच नाही. तर म्हणाल्या, आला की!"

वर्ग खो खो हसला. मला मात्र आई आठवली.

विणाई खात्यात शेकडो माग एकदम धडधडत. तिथं कितीही ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून बायका ओठांनी बोलत आणि ओठ बघून ऐकत. आईची ती सवय घरीही सुटली नव्हती. शेजारच्या मागांवरची तिची जोडीदारीण समोरच्या फुटपाथवर दिसली की दोघी रस्त्याच्या आरपार पंधरा-पंधरा मिनिटं गप्पा हाणायच्या. गाड्या मधून जात राहायच्या आणि या दोघी मध्येच पोट धरून हसायच्या. माझ्या मैत्रिणी आईची नक्कल करायच्या. बारा वर्षांची असताना मी एकदा आईला फाडकन म्हटलं, "माणसासारखं बोल की जरा." त्यानंतर ती माझ्यासमोर तशी बोलली नाही. थेट शेवटच्या आठवड्यापर्यंत.

त्या आठवड्यातला एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये आहे. दवाखान्यातली कॉट, माझ्याकडे बघणारी आई, हलणारे ओठ. तिचा आवाज नाही. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. मी तो रोज बघते. आरशासमोर उभी राहून तसे ओठही हलवून पाहिलेत, पण काही हाती लागत नाही. ती काय म्हणाली एवढं एकदा कळावं, असं इतकं वाटतं, की शिकवता शिकवता मी मध्येच थांबते आणि मुलांना वाटतं, बाई सन विसरल्या.

"त्या आजी खोकतात फार?" मी मुलीला विचारलं.

"हो. कापसाच्या धुळीनं. गिरणीत त्यांना सगळे ठसकाच म्हणायचे म्हणे."

म्हणजे आईची ती जोडीदारीण, आमची ठसकामावशीच. काखेत कळसा नि गावाला वळसा.

शाळा सुटल्यावर मुलीला घेऊनच गेले. तिसरा मजला, एक खोली, खिडकीशी खुर्ची. मावशीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तिचीच तू. नाकावरचा राग तोच. आई गेली ते मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं."

"चुकलं, मावशी." मी मोबाइल काढून तिच्या हातात दिला. "ही काय म्हणतेय तेवढं सांग."

तिनं चष्मा पुसला, पडदा डोळ्यांजवळ धरला आणि चक्क हसली. मला तिचा राग आला.

"एकच वाक्य आहे गं. तीनदा म्हणतेय. 'माझे माग बघ गं, आलेच.'"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पाणी प्यायला जायचं, मोरीकडे जायचं, तर माग काही थांबायचे नाहीत. धागा तुटला की कापड वाया. म्हणून शेजारणीला सांगून जायचं. तिनं हात वर करून दाखवला की निघायचं. तोवर जागचं हलायचं नाही. साहेबाचा नियम नव्हता तो, आमचा होता."

"आणि तिनं हात दाखवलाच नाही तर?"

"तर पुन्हा सांगायचं. तिला दिसलं नसेल, असं समजून."

व्हिडिओत पुढे माझाच आवाज येतो, वैतागलेला. "आई, जोरात बोल ना. काही कळत नाहीये." आणि मी तो बंद केला. बंद करताना आई माझ्याकडेच बघत होती. मला वाटत आलं होतं, तिला काहीतरी हवंय, पाणी किंवा गोळी. ती हातावर नजर लावून होती माझ्या.

मला रडू आवरेना. मावशीनं रडू दिलं. मग मोबाइल माझ्याकडे सरकवला.

"मी हात दाखवून चालायचं नाही. तुला विचारलंय तिनं."

मुलीनं तिचा मोबाइल रेकॉर्डिंगला लावला होता. "बाई, बंद करू?" तिनं हळूच विचारलं.

"राहू दे."

मी व्हिडिओ पुन्हा लावला. आई एकदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली. आता मलाही वाचता येत होतं. तिसऱ्यांदा 'आलेच' म्हणून तिनं बघितलं आणि मी तळहात खांद्याजवळ धरला.

"अगं, अजून वर," मावशी म्हणाली. "मध्ये माग असतात. तिला दिसायला नको?"

मी हात डोक्यावर उंच धरला.