मला म्हणे कचरा!

मी एक उंचवटा. डोंगरावरचा नाही, रस्त्यावरचा तर मुळीच नाही. इंदूरच्या एका कॉलेजात संगणकावर क्ष-किरणांचा आलेख उघडा असतो ना, त्यातला. एवढासाच आहे, पण आहे! हे 'आहे' सिद्ध होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता, म्हणून आज जरा तोऱ्यात बोलतो. चालवून घ्या.

माझं मूळ फार लांबचं. आकाशगंगांच्या एका समूहातून क्ष-किरण निघाले आणि कोट्यवधी वर्षांनी अवकाशातल्या दुर्बिणीत पडले. शास्त्रज्ञांनी आलेख काढला. लोखंड, गंधक, सगळ्यांच्या खुणा आपापल्या जागी होत्या. मी मात्र जिथे कुणीच असायला नको, तिथे डोकं वर काढून बसलो होतो. काहींना वाटलं, हा कृष्णद्रव्याचा माग असेल. कृष्णद्रव्य म्हणजे जे दिसत नाही, पण ज्याच्या ओढीनं आकाशगंगा एकत्र राहतात ते. त्याचे कण मोडताना असा प्रकाश निघत असेल, असा त्यांचा कयास.

क्षितिजाचा माझ्यावर भारी जीव. इंदूरच्याच राजेंद्र नगरची ही मुलगी पीएचडी करते; प्रबंधाचं अख्खं प्रकरण तिनं माझ्यावर लिहिलं. घरी लॅपटॉपवर मला पाहून तिच्या आईनं विचारलं, एवढ्याशा टेंगळापायी जेवणखाण कशाला सोडतेस? टेंगूळ! पण आईंना कोण बोलणार?

खरा घाव घातला तिच्या मार्गदर्शकांनी. सुजय सर पुण्याहून आलेले, बोलणं मऊ, पण कात्री धारदार. "हा दुर्बिणीचा कचरा असेल, नाहीतर तुझ्या मनाचे खेळ," ते म्हणाले. "सिद्ध कर, नाहीतर प्रकरण काढून टाक."

कसोटी ठरली: आणखी काही समूहांचे आलेख तपासायचे. मी दुर्बिणीचा दोष असेन, तर प्रत्येक समूहाच्या आलेखात एकाच जागी दिसेन. आकाशातून आलो असेन, तर समूह जितका दूर, तितका डावीकडे सरकलेला दिसेन; कारण पसरत्या विश्वात लांबून येणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा वाटेत घटत जाते. क्षितिजानं स्वतःला फसवू नये म्हणून समूहांची नावं आणि अंतरं तिच्यापासून लपवायची होती. ते काम तिच्या सहकाऱ्यानं, यतीननं केलं. पक्का इंदुरी गडी! त्यानं फाइलींना नावं दिली ती इंदुरी शेव-चिवड्यांची: लौंग सेव, रतलामी, खट्टामीठा आणि फलाहारी. सरांनी कपाळाला हात लावला.

पहिल्या तिघांत क्षितिजानं मला बरोबर हुडकलं, तिन्हीकडे वेगवेगळ्या जागी. फलाहारीत मात्र मी सापडेना. तिनं पुन्हा पुन्हा पाहिलं. तिथे मी का नाही, हे माझं मलाच कळेना. एक खूण कुठेतरी ठोकून दिली असती, तर कोण विचारणार होतं? पण बाईसाहेबांनी डोळे पुसले आणि लिहिलं, 'इथे काही नाही.' खरं सांगतो, तेव्हा मला तिचा भयंकर राग आला.

दुपारी सरांसमोर यतीननं अंतरं उघड केली. लौंग सेव जवळचा, रतलामी त्याहून दूर, खट्टामीठा सगळ्यांत दूर. मी अगदी त्याच हिशेबानं सरकलो होतो! सर खुर्ची ओढून पुढे आले. क्षितिजाचा चेहरा मात्र उतरलेलाच.

"यार यतीन, फलाहारीचं सांग. तिथे मला काहीच नाही मिळालं."

"मिळेल कसं? वो तो नकली है. मीच बनवला, दुर्बिणीचे सगळे दोष घालून. फक्त तुझा उंचवटा नाही घातला. तू जबरदस्ती ढूंढती है का, ते बघायचं होतं."

सरांनी चष्मा काढला. 'इथे काही नाही' ही तिची ओळ पुन्हा वाचली.

"प्रकरण राहील," ते म्हणाले. "आणि सगळ्यात आधी तेच छापायला पाठवायचं."

क्षितिजानं यतीनच्या पाठीत असा धपाटा घातला की शेजारच्या खोलीतले लोक डोकावले. हसत होती आणि रडतही होती. मी तर आनंदानं वेडा झालो होतो.

मी कृष्णद्रव्याचा माग आहे का, हे अजून मलाही ठाऊक नाही. पण मी दुर्बिणीचा दोष नाही, कुणाच्या मनाचा खेळ नाही. मी आभाळातून आलोय! उद्या नव्या दुर्बिणी येतील, नवे सर येतील, मला पुसायला बघतील. खुशाल येऊ द्या. माझी विनंती एवढीच, की मला मानू नका, तपासा. आणि जिथे मी नसेन, तिथे क्षितिजासारखं छातीठोकपणे 'नाही' लिहा. त्या एका 'नाही'मुळेच आज मी आहे.