डावं खोकं, उजवं खोकं

भावोजींचा डावा कान एका मंगळवारी सकाळी बंद झाला तो झालाच. आदल्या दिवसापर्यंत धडधाकट होता. डॉक्टर म्हणाले, आतली नस गेली, ती काही परत यायची नाही. उजवा मात्र वयाच्या मानाने ठणठणीत आहे. दुसऱ्या कुणाला या वाक्याने धीर आला असता. पण भावोजींनी एकतीस वर्षं शहरातल्या मोठ्या सभागृहाचा साउंड सांभाळला होता. कुठला माइक खरखरतोय, कुठल्या गायिकेला सर्दी झालीय, हे त्यांना शेवटच्या रांगेमागे उभं राहून कळायचं. असा माणूस एका कानाचा झाला, आणि त्याने काम सोडलं ते सोडलंच, ऐकणंही सोडलं.

ताईने महिनाभर कळ काढली आणि मग भावाला फोन केला. "रेडिओ लावला की उठून आत जातात रे. मी बोलते तर भिंतीकडे बघत बसतात. तू ये बाबा एकदा."

भाऊ सुतार. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ताईच्या लग्नानंतर भावोजींनी त्याला दोनदा कार्यक्रमाला नेलं, दोन्ही वेळा तो पहिल्या अर्ध्या तासात घोरायला लागला. तिसऱ्यांदा नेलं नाही. पण माणूस हातपाय गाळून बसलाय आणि आपण नुसतं 'होईल सगळं नीट' म्हणत चहा प्यायचा, हे त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने ताईला विचारलं, "त्यांचं करायचं राहून गेलेलं असं काही आहे का?"

ताईने कपाटातून एक कागद काढून दिला. घरासाठी सबवूफर, म्हणजे नुसता खालचा, पोटातून येणारा आवाज काढणारं खोकं. भावोजींनी आठ वर्षांपूर्वी पेन्सिलीने काढलेलं. लांबी, रुंदी, खोली, आतल्या आडव्या पट्ट्या, बारा इंची स्पीकरचं भोक, मागून तारा कशा जोडायच्या, सगळं नीटनेटकं. बैठकीच्या खोलीत खुर्ची कुठे ठेवायची तेही दाखवलेलं: दोन्ही खोक्यांपासून सारख्या अंतरावर, मधोमध. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'नग दोन'. रिटायर झाल्यावर करायचं म्हणून ठेवून दिलं होतं.

सुतार कागद घेऊन स्पीकरच्या दुकानात गेला आणि दुकानदाराला सरळ विचारलं, एका कानाच्या माणसाला याचा काही उपयोग आहे का. दुकानदार म्हणाला, "अहो, इतका खालचा आवाज डावीकडून येतो की उजवीकडून, हे दोन कानवाल्यालाही कळत नाही. तो छातीला लागतो." सुताराने तेवढंच वाक्य खिशात घातलं आणि दोन स्पीकर घेऊन घरी आला.

पुढचे बारा दिवस त्याने बाकीची गिऱ्हाइकं ताटकळत ठेवली. अठरा मिलीमीटरचं प्लाय कापलं, कडा रंधल्या, गोंद लावून शिकंज्यात आवळलं. आत हवा कोंडून राहिली पाहिजे, सुईच्या टोकाएवढीही फट नको, असं कागदावर खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं. सुताराने प्रत्येक सांध्यावरून आतून पुन्हा गोंदाचं बोट फिरवलं. कागदावर चित्र एकाच खोक्याचं होतं. पण जोडी म्हटली की एक डावं आणि एक उजवं, हे कुठल्याही सुताराला सांगावं लागत नाही. कपाटाची दोन दारं करताना एकाची मूठ उजवीकडे असते आणि दुसऱ्याची डावीकडे, नाहीतर गिऱ्हाईक तोंडावर हसेल. म्हणून त्याने दुसरं खोकं चित्र उलटवून केलं. अगदी तारांसकट. चित्रात लाल तार स्पीकरच्या डाव्या पत्तीला होती, दुसऱ्या खोक्यात त्याने ती उजव्या पत्तीला लावली. दोन्ही शेजारी ठेवली तेव्हा जोडी बघून त्याचा ऊर भरून आला.

रविवारी दुपारी त्याने खोकी भावोजींच्या बैठकीच्या खोलीत आणून ठेवली. भावोजी आधी तोंड फिरवून बसले. मग त्यांची नजर हळूच वळली. उठून त्यांनी एका खोक्यावर बोटाच्या पेराने टकटक केली.

"आत पट्ट्या किती घातल्यास?"

"चार. कागदात होत्या तेवढ्याच."

भावोजी "हं" म्हणाले. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांनी कशाला तरी "हं" म्हटलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली ताई पदराने डोळे पुसून आत वळली.

जुना ॲम्प्लिफायर आणि छोटे स्पीकर घरात होतेच. भावोजींनी स्वतः सभागृहात केलेलं एक रेकॉर्डिंग काढलं. त्यात सुरुवातीला नुसती एक बाई गाते, आणि बरोबर चाळिसाव्या सेकंदाला मोठा ड्रम येतो. ते मधल्या खुर्चीत बसले, चांगला कान पुढे केला, डोळे मिटले. सुतार खोलीच्या दाराशी, डाव्या खोक्याजवळ उभा राहिला.

चाळिसावा सेकंद आला. सुताराच्या पायाखालची फरशी थरथरली, छातीत काहीतरी धप्पकन बसलं. बारा दिवसांचं चीज झालं म्हणून तो खुशीत भावोजींकडे बघायला लागला. भावोजी अजून वाट बघत होते.

"कधी येतोय ड्रम?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात ताई हसत बाहेर आली. "अगं बाई, किती घुमतंय. तिकडे फळीवरची झाकणं नाचायला लागली माझी."

भावोजींनी ताईकडे पाहिलं, मग सुताराकडे. सुताराला खोटं बोलता येत नाही, तो जागच्या जागी मान खाली घालून उभा राहिला. भावोजींनी हात लांब करून रेकॉर्डिंग बंद केलं.

"म्हणजे उजवाही गेला," ते शांतपणे म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

ताई म्हणाली, "कशाला आणलंस रे हे? निदान अर्धं आहे असं तरी वाटत होतं त्यांना." ती रागावली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगलं करायला गेलो आणि माणसाची उरलीसुरली आशाही घालवली, असं त्याच्या मनात आलं, आणि तो तारा सोडवायला खाली बसला.

पण त्याच्या कामाची एक रीत होती. दार लागत नाही अशी तक्रार आली की तो आपल्या बाजूने दार तपासत नसे. गिऱ्हाईक जिथे उभं राहून कुरकुरतंय, आधी तिथे जाऊन उभा राहायचा. तक्रार भावोजींची होती आणि भावोजी खुर्चीत बसले होते. त्याने आवाज पुन्हा सुरू केला आणि जाऊन खुर्चीत बसला.

बाई गायली. चाळीस सेकंद झाले, पन्नास झाले. ड्रम नाही. सुतार ताडकन उठला, दोन पावलं दाराकडे गेला, ड्रम आला. परत बसला, ड्रम गायब. असं तो चार वेळा उठला आणि बसला. ताईला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला.

त्याने आतल्या दारावर दणादण थापा मारल्या. "भावोजी, बाहेर या. माझेही कान गेले."

"चेष्टा नको करूस."

"चेष्टा नाही. तुमच्या खुर्चीत बसलं की मलाही ड्रम ऐकू येत नाही. ताईला बसवून बघू हवं तर."

दार उघडलं. भावोजी उंबऱ्यातच थबकले, कारण तिथे त्यांच्या छातीवर ड्रम येऊन बसला होता. ते तसेच, मान किंचित तिरकी करून, एक-एक पाऊल खुर्चीकडे गेले. आवाज पातळ होत होत संपला. ते मागे आले, तो भरत गेला. एकतीस वर्षं साउंड सांभाळलेला माणूस तो, त्याला दुसरी फेरी लागली नाही.

"दुसरं खोकं कसं जोडलंस?"

"कसं म्हणजे? जोडी आहे. एक डावं, एक उजवं. लाल तार यात या बाजूला, त्यात त्या बाजूला."

भावोजी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले आणि ते खोकला लागेपर्यंत हसले. "अरे गाढवा, कपाट केलंस की काय? स्पीकरला डावं-उजवं नसतं. तुझा हा स्पीकर हवा पुढे ढकलतोय तेव्हा तो मागे ओढतोय. मधे बसणाऱ्याच्या वाट्याला काहीच उरत नाही."

स्वतःच खोक्यामागे वाकून त्यांनी लाल-काळ्या तारांची अदलाबदल केली. खुर्चीत बसले. बाई गायली. चाळिसाव्या सेकंदाला भावोजींचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. ताई त्यांच्या मागे उभी होती, तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सुतार मात्र दारात उभा राहून लहान मुलासारखा रडला. त्याला त्याची लाज वाटली नाही.

एवढ्यात भावोजींनी मान इकडून तिकडे फिरवली आणि हात वर केला. "थांबव."

सुताराने आवाज बंद केला. "काय झालं?"

"त्या उजव्या खोक्यात काहीतरी झिणझिणतंय. मागची तारांची पट्टी असेल. एखादा स्क्रू सैल राहिलाय."

सुताराला काही ऐकू आलं नव्हतं. ताईलाही नाही. त्याने खोकं फिरवलं, पेचकस लावला. तीन स्क्रू घट्ट होते. चौथा फिरला. अर्धा आटा, जेमतेम.

एरवी त्याच्या कामात कुणी खोट काढली की सुतार चार दिवस धुमसायचा. आता तो खोक्यामागे उकिडवा बसून, हातातल्या पेचकसाकडे बघत, इतका खूश झाला होता की त्याला लगेच उठवेना.

"आणखी काय काय सैल आहे?" त्याने विचारलं. "सगळं सांगा भावोजी. मला आज कुठेच जायचं नाही."