गढीच्या पोटातला रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. किती जुना, तेच ठरवायला सेलूच्या गढीवर माणसं जमली होती, आणि त्या दिवसाचा धसका माझ्या मातीतून अजून गेलेला नाही.

मला घडवणाऱ्याचं नाव मला ठाऊक नाही. त्याच्या बोटाचा ठसा तेवढा माझ्या गळ्याशी आहे. मी एका घरची ज्वारी सांभाळली. घरधनीण दाणे काढताना माझ्या काठावर हात ठेवून देवाचं नाव घ्यायची. मग ते घर जळालं आणि मी उभाच्या उभा गाडला गेलो. माझ्यावर दुसरी घरं झाली, तीही पडली, आणि मातीचं हे टेकाड, म्हणजे गढी, उंच होत गेली. पायथ्याशी मारुतीच्या पारावर कीर्तन रंगायचं. मृदंगाचा ठेका मातीतून माझ्यापर्यंत यायचा. तेवढीच सोबत.

स्वराज्य आलं, आणि काही वर्षांनी गढी सपाट करून बाजाराचे ओटे बांधायचं ठरलं. त्याआधी आत काही मोलाचं आहे का, हे पाहायला प्रभाकरराव नावाचे पुरातत्त्व खात्याचे अधिकारी आले. त्यांनी एक खोल चौकोनी खड्डा खणवला. त्याच्या तीन भिंती घुशींनी उकरून नासवल्या होत्या. चौथीत मात्र राख, जुन्या घरांची जमीन, पुन्हा माती, असे थर स्वच्छ दिसत होते, आणि मधोमध माझी कूस.

"ही भिंत म्हणजे गावाची वंशावळ आहे," प्रभाकरराव बाजाराचं काम पाहणाऱ्या भैय्याजींना म्हणाले. "उद्या आमचे मोठे साहेब पाहतील आणि गढी ठेवायची की पाडायची, याचा इथेच निकाल देतील. कोणी कुदळ लावू नका."

कुदळ कोणीच लावली नाही. सकाळी तानाबाई शेणाची पाटी घेऊन खड्ड्यात उतरल्या. कीर्तनाची जागा सारवायच्या त्या याच. त्यांनी मायेने, कोपरे न सोडता, सगळी भिंत सारवली. राख गेली, जमीन गेली, मी गेलो. वरून पांढऱ्या मातीची नक्षीही काढली.

प्रभाकरराव आले आणि खड्ड्याच्या काठावर थिजून उभे राहिले. मग खाली वाकून त्यांनी विचारलं,

"हे कोणी केलं?"

"म्या केलं, साहेब," तानाबाई हसून म्हणाल्या. "बुवा येते तवा सारवतोच ना आमी? मोठे साहेब का कमी हायेत?"

"आता तं काईच दिसून नाई राह्यलं," भैय्याजी म्हणाले. "सारवून झालं, नारळ फोडाचा तेवढा राह्यला. लावू का मानसं कामाले?"

तानाबाईंचं हसू तिथेच विरलं. त्या नखांनी भिंत खरवडू लागल्या. शेणाबरोबर राखही निघाली.

"थांबा, बाई. उरलंय तेही जाईल," प्रभाकरराव म्हणाले. "भिंत हातभर आत कापावी लागेल."

"अन् हा रांजन?" तानाबाईंनी विचारलं.

"तो भिंतीतच आहे. फुटेल."

मित्रांनो, आगीतून वाचलेलो मी, पण हे ऐकून माझी माती गार पडली.

मजुराच्या फावड्याचं पातं माझ्यातून गेलं. अर्धा मी खड्ड्यात कोसळलो. पण मागे थर उभे होते, आणि माझ्या उरलेल्या पोटात जळकी ज्वारी. मोठे साहेब आले, खड्ड्यात उतरले आणि त्यांनी दोन दाणे तळहातावर घेतले. मग म्हणाले, "या थरांवरून आणि दाण्यांवरून गावाचं वय कळेल. बाजार दुसरीकडे न्या."

सगळे वर गेल्यावर तानाबाईंनी माझे तुकडे पदरात घेतले. सवयीने त्यांचा हात पाण्याच्या लोट्याकडे गेला, आणि मधेच थांबला.

"साहेब, धुवू का याले?"

"नका धुऊ. त्यावरची मातीही पुरावाच आहे."

त्यांनी ते मातीसकट उराशी धरले. मित्रांनो, जुन्या वस्तूवर जीव जरूर लावा. पण हात लावण्याआधी एवढं एक विचारत जा.